लोणचं, मुरांबा आणि आमरसाचे डबे विमानाने नेताना

विलेपार्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जायचंय, दुबईला विमान बदलायचंय. सोबत कैरीचं लोणचं, मुरांबा, कोकमाचं आगळ, हापूसच्या रसाचे डबे, गोडा मसाला आणि थोडी सुकट न्यायची आहे. गेल्या खेपेला बरणीला भरपूर सेलोटेप गुंडाळूनही तेल पाझरलं आणि दोन साड्या वाया गेल्या. तर आता नेमकं कसं पॅक करू?

ताई, दादरला माझं पॅकिंगचं दुकान आहे. जुलै-ऑगस्टात शिकायला निघालेली पोरं आणि पिशव्या घेऊन त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आया, हेच आमचं गिऱ्हाईक. त्या अनुभवावरून आधी एवढंच सांगतो की सेलोटेप विसरा. तेल लागलं की त्याचा गोंद सुटतो आणि मग तो नुसता शोभेला उरतो. गळती होणार की नाही हे आत काय भरलंय आणि त्यासोबत हवा किती कोंडली आहे यावर ठरतं. म्हणजे निम्मं पॅकिंग तुमच्या ओट्यावरच होतं, आमच्याकडे यायच्या आधी.

विमान वर गेलं की आतला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा राहत नाही. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा, तेवढा तो उतरतो. आठ हजार फूट म्हणजे 2,400 मीटरच्याही वर, आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटर. प्रवासी विमानात बॅगा ठेवतात तो खालचा कप्पाही याच दाबाखाली असतो, त्यामुळे चेक-इन केलं म्हणून बरणीची सुटका नाही. मुंबई पडली समुद्रकाठी. इथे झाकण लावताना आत राहिलेली हवा पूर्ण दाबाची असते. वर गेल्यावर बाहेरचा दाब साधारण पाऊणपट होतो आणि त्याच हवेला एक तृतीयांश जास्त जागा लागते. सात सेंटिमीटर रुंद झाकणावर हा आतला रेटा जवळपास दहा किलोचा पडतो. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटातच वेफर्सची पुडी टम्म फुगते, ती याच कारणाने.

झाकण मात्र उडत नाही. हवा आट्यांमधून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. बरणी आडवी असली तर हवेआधी तेलच बाहेर ढकललं जातं. सुटकेसमध्ये बरणी कधी ना कधी आडवी होतेच, बाण काढलेलं स्टिकर चिकटवून त्यात फरक पडत नाही.

आता लोणचं. ताजं लोणचं नेऊ नका. कैरी मिठात पडली की पहिले काही दिवस आत वायू धरतो, बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, म्हणजे दादरा, सोडून बघितलं तर बुडबुडे दिसतात. बंद बरणीत हा वायू आपला आपणच दाब वाढवतो, विमान लांबच राहिलं. मेअखेर घातलेलं लोणचं ऑगस्टपर्यंत निवांत मुरतं, तेव्हा तुमची वेळ उत्तम आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्यांना मी गेल्या वर्षीचंच न्या म्हणतो. घरात शिल्लक नसेल तर शेजारी मागा, पण कालपरवाचं नको.

दुसरं, वरचं तेल इथेच काढून ठेवा. बरणीत घरी तेलाचा थर हवाच, पण प्रवासाच्या दीड-दोन दिवसांत त्याची गरज नसते. मीठ आणि आंबटपणा तेवढ्या वेळात फोडींना काही होऊ देत नाही. तेल न्यायचं म्हणजे जे गळतं तेच मुद्दाम न्यायचं, वर त्याचं वजनही भरायचं. फोडी आणि दाट खार तेवढा न्या. तिथे पोचल्यावर तेल चांगलं तापवा, पूर्ण गार करा आणि वरून ओता. शेंगदाण्याचं असो की मोहरीचं, अमेरिकेत भारतीय वाण्याकडे दोन्ही मिळतात.

आणि बरणीऐवजी पाउच घ्या. काचेची किलोभराची बरणी रिकामीच चार-पाचशे ग्रॅम भरते आणि भरताना वर थोडी हवा राहतेच. मी जाड, नायलॉनचा थर असलेले पाउच वापरतो, एकात अर्धा किलो लोणचं. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून वास बाहेर येतो आणि तेल हळूहळू घाम फुटल्यासारखं वर दिसायला लागतं.

पाउच भरायची एक रीत आहे, आणि घरचं पॅकिंग जिथे फसतं ती जागा हीच. पाउचचं तोंड चार बोटं बाहेर दुमडून घ्यायचं, पँटचा पाय दुमडतो तसं. मग आतला भाग भरायचा. चमचा काठाला लागला, खार सांडला, तरी तो दुमडलेल्या भागाच्या बाहेरच्या अंगाला लागतो, जिथे सील बसणार त्या आतल्या पृष्ठभागाला नाही. भरून झालं की फोडी खाली सरकवायच्या, हाताने दाबत हवा वर आणून काढायची, बाहेरची बाजू पुसायची, दुमड उलगडायची आणि कोरड्या जागेवर सील मारायचं. सीलच्या दोन रेघा, मध्ये बोटभर अंतर. तेलाचा एक पुसट हात जरी सीलच्या जागी लागला असेल तरी ते वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि दाब आला की उलगडतं. लोणच्याला पूर्ण व्हॅक्यूम मी मारत नाही, कारण मशीन हवेबरोबर खारही ओढतं आणि तो नेमका सीलच्या जागी येऊन बसतो. या पाउचवर दुसरा पाउच, त्यालाही सील.

मग परीक्षा. पाउच वर्तमानपत्रावर आडवे ठेवायचे, वर पाट आणि पाटावर पाच-सात किलोचा तांदळाचा डबा. रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर तो पाउच बाद, नव्याने भरायचा. विमानात जे व्हायचं ते घरच्या फरशीवर होऊन गेलेलं बरं.

बरणीच हवी असा हट्ट असेल तर काचेची नको, खायच्या जिनसांसाठीची जाड प्लास्टिकची घ्या आणि तोंडाला चंदेरी पत्र्याचं इंडक्शन सील मारून घ्या. आट्यांवरचं तेल कोरड्या कापडाने अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत पुसल्याशिवाय झाकण फिरवू नका.

आगळ मात्र बाटलीतच जातं. ते आंबट आणि खारट, दोन्ही जबर, म्हणून धातूच्या बाटलीत किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात अजिबात नको. मऊ प्लास्टिकची पाण्याची असते तसली कोरी बाटली घ्या, पाऊण भरा, बाटली हाताने दाबून आगळ तोंडाशी आणा आणि तशीच दाबलेली असताना बूच लावा. बाटली चेपकी, ओबडधोबड दिसेल. दिसू द्या. आत हवाच नाही, त्यामुळे वर गेल्यावर फुगायलाही काही नाही. काचेच्या बाटलीला हे करता येत नाही, म्हणून द्रव पदार्थाला मी काच नाकारतो. बाजारातलं सीलबंद आगळ असेल तरीही बाटली एका पाउचमध्ये घालून वर सील मारा.

आमरसाच्या डब्यांची लोकांना फार धास्ती असते आणि खरं तर सगळ्यांत कमी काळजी त्यांचीच करायची. रत्नागिरीकडून येणारा नेहमीचा डबा 850 ग्रॅमचा. रस गरम असताना भरतात, झाकण दाबून बंद करतात, पुन्हा उकळत्या पाण्यातून काढतात. गार झाल्यावर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि आत पोकळी तयार होते. म्हणून चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत गेलेलं असतं. आतला दाब आधीच बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे विमानात बाहेरचा दाब उतरला तरी डब्याला फारसं काही वाटत नाही. पण डबा घेताना निरखून घ्या. मुंबईत दुकानातच झाकण फुगलेलं असेल, किंवा बोटाने दाबल्यावर टकटक आवाज करत आतबाहेर होत असेल, तर आत काहीतरी बिघडलंय. तो फुकट दिला तरी नको. अंगाला पोचा असला तर चालेल, पण झाकणाच्या कडेच्या जोडावर पोचा नको. कडी ओढून उघडायचे डबे प्रवासात टाळा. त्यांच्या झाकणावर मुळातच खाच असते आणि वरून दुसऱ्या डब्याची कड बसली की ती जागा दबते. न्यायचेच असतील तर दोन डब्यांची झाकणं समोरासमोर ठेवून मध्ये पुठ्ठा घाला.

ताजा हापूस? पेटीबिटीचा विचारच नको. अमेरिकेने 2007 साली आपला आंबा घ्यायला सुरुवात केली ती विकिरण केलेला, म्हणजे किडीसाठी किरणांखालून काढलेला, आणि रीतसर तपासलेला. प्रवाशाच्या पिशवीतला चालत नाही. युरोपने 2014 मध्ये आंब्यावर बंदी घातली होती तीही फळमाशीमुळे. डब्यातला रस उकळून निघालेला, त्यात माशी नाही की अळी नाही, म्हणून त्याला कुणी अडवत नाही.

मुरांब्याचं सोपं आहे. पाक पक्का असला, साखर 65 टक्क्यांच्या वर असली, की बहुतेक जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. गरम असतानाच निर्जंतुक बरणीत भरून लगेच झाकण लावलंत तर घरच्या घरीही डब्यासारखी पोकळी धरते आणि झाकण आत ओढलं जातं. पाक तारेला कच्चा असेल तर आधी आटवून घ्या, मग पॅकिंगचं बोलू.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण तिच्यावरून काउंटरवर रोज वाद होतो. व्हॅक्यूम पॅक केलं म्हणजे टिकतं, हा समज धोक्याचा आहे. पुरणपोळी, ओली चटणी, उसळ, तेलात बुडवलेला लसूण असं आणून ‘महिनाभर टिकेल असं करा’ म्हणतात. व्हॅक्यूमने हवा जाते, त्यामुळे बुरशी आणि खवटपणा थांबतो, हे बरोबर. पण बोट्युलिझम, म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिचा जंतू हवा नसतानाच वाढतो आणि विष तयार करतो. त्याला ओलावा आणि कमी आंबटपणा लागतो, म्हणजे सामू (pH) 4.6 च्या वर. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, कारखान्यात त्यासाठी दाबाखाली 121 अंशांवर शिजवतात. बाजारात मिळणारी तयार भाजीची चंदेरी पाकिटं फ्रीजबाहेर टिकतात ती याच प्रक्रियेमुळे. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी अशी पाकिटं बनवण्यावर बरंच काम केलं. आमच्या दुकानातलं यंत्र नुसती हवा काढतं, शिजवत नाही. आणि या विषाला वास असेलच असं नाही, म्हणून हुंगून बघण्यावर भरवसा ठेवता येत नाही. लोणचं आंबट-खारट, मुरांबा गोड, पापड-मेतकूट कोरडं, म्हणून ते सुरक्षित. पुरणपोळी पोचल्या दिवशी खा, उरलेल्या फ्रीझरमध्ये. लसूण घालून केलेली कोरडी चटणी खुशाल न्या, तेलातला कच्चा लसूण नको.

चिवडा, चकलीला उलट व्हॅक्यूम नको, पिठूर होतो. साधं सील, आत थोडीच हवा, आणि पिशवीला फुगायला मोकळी जागा. कचकचून कोंबू नका.

मसाल्याच्या बाबतीत दोन जिन्नस तपासा. गोड्या मसाल्यात किंवा गरम मसाल्यात खसखस घातली आहे का? संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे, आणि तिथे तो अमली पदार्थाचा मामला होतो, दंड भरून सुटायचा नव्हे. तुम्ही दुबईत फक्त विमान बदलणार, बॅग थेट पुढे जाणार, तरी मी ती ठेवू देत नाही. विमान चुकलं, रात्र काढायला बाहेर पडावं लागलं, बॅग हातात आली, तर काय करणार? लालबागला डंखावर मसाला कुटायला द्याल तेव्हा यादीतून खसखस काढायला सांगा. अनारसेही त्याच कारणाने घरीच खाऊन टाका. दुसरं म्हणजे सुकं खोबरं. अख्ख्या वाट्या हातातल्या सामानात नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. त्यात तेल इतकं असतं की गठ्ठ्याने ठेवल्यावर ते स्वतःच तापत जाऊन पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. भाजून मसाल्यात कुटलेल्या खोबऱ्याला कुणी हटकल्याचं मी ऐकलेलं नाही.

मेतकूट, मसाला, भाजणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असली की 2018 पासून वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच राहते. लोणचं, आगळ, रस हे 100 मिलिलिटरच्या नियमात अडकतात आणि दुबईला विमान बदलताना हातातलं सामान पुन्हा यंत्रातून जातं. सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, सुटलं म्हणून पुढे सुटेलच असं नाही.

सुकट अमेरिकेला चालते, वासाचा प्रश्न तेवढा आहे. आधी तव्यावर कोरडी भाजून पूर्ण गार करा, मग अॅल्युमिनियमचा थर असलेल्या चंदेरी पाउचमध्ये सील करा, वर दुसरा पाउच, मग घट्ट झाकणाचा डबा. हिंगालाही हीच तऱ्हा. मटण-चिकनचं काहीही नको, लोणचंसुद्धा नको, चिकनचं सूप पावडरसुद्धा नको. तांदूळही नको. आंबेमोहोर, इंद्रायणी कितीही प्रेमाने आणला असेल तरी धान्यात पडणाऱ्या खपरा भुंगेऱ्यामुळे भारतातून प्रवाशाने आणलेला तांदूळ अमेरिका घेत नाही. ताजा कढीपत्ताही नाही.

(दुसऱ्या देशांत जाणारे वाचत असतील तर थोडक्यात: ब्रिटन आणि युरोपात दूध आणि मांसाचं काहीही नाही, म्हणजे खव्याचे पेढे गेले. ऑस्ट्रेलियातही दुधाची मिठाई काढून घेतात. न्यूझीलंडला मध चालत नाही, त्यामुळे च्यवनप्राश नेऊ नका. तिथे न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर.)

आता कस्टमची गोष्ट. न्यूअर्कला उतरा नाहीतर आणखी कुठे, अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅग हातात घेऊन तपासणीतून जावं लागतं. खाण्याचं सामान आहे का, विचारलं तर ‘हो’ म्हणा. बरेच जण इथे कच खातात. सांगितलेला जिन्नस चालणारा नसेल तर फार तर टाकून देतात. न सांगता सापडला तर दंड होतो आणि पुढच्या खेपांना तुमचं नाव बघूनच बॅग उघडतात. प्रत्येक पाउचवर इंग्रजीत चिठ्ठी लावा: कैरी, मीठ, तिखट, मोहरी, तेल. नुसतं ‘लोणचं’ लिहून समोरच्याला काही कळत नाही. डब्यांची दुकानाची पावती असेल तर तीही ठेवा.

म्हणूनच सगळं खाणं एकाच बॅगेत भरा. बऱ्याच जणी वजन वाटायला चारही बॅगांत थोडं थोडं कोंबतात आणि मग चारही बॅगा टेबलावर उघड्या पडतात. एकाच बॅगेत असलं की गळलं तरी साड्या वाचतात. वजन बघा मात्र: बहुतेक ठिकाणी 23 किलोची बॅग आणि रसाचा एक डबा पत्र्यासकट किलोभर. डबे मध्यभागी आडवे, त्यांच्याभोवती टॉवेल, जुने गाऊन. पाउच त्यांच्यावर सपाट. पापड स्टीलच्या डब्यात. चाकांच्या बाजूला जड काही नको, आपटते ती बाजू तीच.

पुठ्ठ्याचा खोका न्यायचा असेल तर पाच थरांचा घ्या आणि आतून जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी अंथरा. ऑगस्टात सहारच्या धावपट्टीशेजारी ट्रॉलीवर खोका पावसात किती वेळ उभा राहील सांगता येत नाही, आणि भिजलेला पुठ्ठा आपल्याच वजनाने खाली बसतो.

तिथे पोचल्यावर लोणच्याचा पाउच कात्रीने कोपरा कापून उघडा आणि लगेच कोरड्या काचेच्या बरणीत काढून तेल घाला, पाउचमध्ये रेंगाळू देऊ नका. रसाचा डबा उघडला की उरलेला रस पत्र्यात ठेवू नका. काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेवढा खपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, नात मागेल तेव्हा दोन-दोन खडे काढता येतात.